पिंपरीचे पेनिसिलिन: युद्धात घडलेल्या ज्ञानाची मालकी

१९५० च्या सुमारास भारत सरकारपुढे असलेला प्रश्न वरवर पाहता कारखाना उभारण्याचा होता. पेनिसिलिन देशातच तयार करायचे, हे ठरले होते. ते कोणाच्या मदतीने आणि कोणत्या अटींवर, एवढेच ठरायचे होते. परंतु हा कारखाना ज्या ज्ञानावर चालणार होता, ते दुसऱ्या महायुद्धाच्या चार-पाच वर्षांत, लष्कराच्या गरजेपोटी, बव्हंशी सरकारी पैशातून आणि एरवी एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांच्या सहकार्यातून घडले होते, आणि युद्ध संपताच ते विक्रीला आले होते. म्हणून पुण्याजवळ पिंपरीत उभ्या राहिलेल्या या कारखान्याचा प्रश्न मुळात मालकीचा होता. सर्वांनी मिळून घाईत घडवलेल्या ज्ञानाची किंमत शांततेच्या काळात कोण लावणार, आणि फाळणीतून नुकत्याच सावरत असलेल्या देशाने ती कशी चुकवायची?

पुण्यात पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आणि सायंवर्गाला येणाऱ्या लघुउद्योजकांना बौद्धिक संपदेचा व्यवहार शिकवताना मी हे प्रकरण दरवर्षी घेतो. वर्गातील कित्येकांना पिंपरीचे एच. ए. मैदान ठाऊक असते. ज्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समुळे त्याला ते नाव पडले, तो सार्वजनिक क्षेत्रातील देशाचा पहिला औषध कारखाना होता, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते. प्रकरण निवडण्याचे दुसरे आणि अधिक महत्त्वाचे कारण असे की, बौद्धिक संपदा म्हणजे पेटंट हा आपल्याकडे रुजलेला समज या प्रकरणाच्या पहिल्या पायरीवरच गळून पडतो.

ऑक्सफर्ड: पेटंट न घेण्याचा निर्णय

अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलियम या बुरशीभोवतीचे जंतू मरत असल्याचे १९२८ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात दिसले आणि १९२९ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. त्यानंतर दशकभर त्यातून औषध निघाले नाही. ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली यांनी ते काम पुन्हा हाती घेतले. २५ मे १९४० रोजी त्यांनी आठ उंदरांना मारक जंतू टोचले आणि त्यांपैकी चौघांना पेनिसिलिन दिले. ते चार जगले, उरलेले चार मेले. त्याच दिवसांत इंग्लंडचे सैन्य डंकर्कच्या किनाऱ्यावर अडकलेले होते. जर्मन सैन्य इंग्लंडमध्ये उतरलेच तर निदान वाण तरी वाचावे, म्हणून या मंडळींनी बुरशीचे बीजाणू आपल्या कोटांच्या अस्तरांना चोळून ठेवण्याचे ठरवले होते.

पेनिसिलिनचे प्रमाण इतके अल्प होते की फेब्रुवारी १९४१ मध्ये उपचार सुरू केलेल्या पहिल्या रुग्णाच्या, एका पोलीस शिपायाच्या, मूत्रातून ते परत काढून त्यालाच पुन्हा टोचावे लागले. तो सुधारत होता. पेनिसिलिन संपले आणि तो गेला.

याच काळात चेन यांनी पेटंट घ्यावे असा आग्रह धरला. त्यांचे वडील रासायनिक कारखानदारीत होते, आणि जर्मनीत वाढलेल्या चेन यांना विद्यापीठ व कारखाना यांच्यातील देवघेव परकी नव्हती. रॉयल सोसायटीचे अध्यक्ष हेन्री डेल आणि वैद्यकीय संशोधन परिषदेचे सचिव एडवर्ड मेलनबी यांनी त्यांना स्पष्ट नकार दिला. रोग्याच्या जिवाशी संबंधित शोधावर हक्क सांगणे त्यांना वैद्यकीय नीतीला सोडून वाटत होते. वर्गात या निर्णयाला भाबडेपणा म्हणण्याची घाई होते आणि मी ती होऊ देत नाही. डेल आणि मेलनबी यांची भूमिका प्रामाणिक होती आणि त्या काळच्या वैद्यकात ती सर्वमान्यही होती. त्यांची चूक असलीच तर ती वेगळ्या ठिकाणी आहे. त्यांनी प्रश्न ‘पेनिसिलिनवर पेटंट घ्यावे का’ असा समजला. फ्लेमिंग यांचे निरीक्षण छापून आले होते आणि पदार्थ निसर्गातला होता, तेव्हा त्या पदार्थावर मजबूत हक्क मिळणे कठीणच होते. पुढे ज्यावर पैसा झाला ते पेनिसिलिन नव्हतेच. ते पेनिसिलिन भरपूर आणि स्वस्त बनवण्याची रीत होती, आणि ती रीत १९४१ च्या ऑक्सफर्डमध्ये अजून अस्तित्वातच नव्हती.

पिओरिया आणि ब्रुकलिन: रीत कशी घडली

बॉम्बहल्ल्यांखालच्या इंग्लंडमधील कारखान्यांना नव्या औषधासाठी सवड नव्हती. जुलै १९४१ मध्ये फ्लोरी आणि हीटली बुरशी घेऊन अमेरिकेत गेले. इलिनॉय राज्यातील पिओरिया येथे शेती खात्याची एक प्रयोगशाळा होती; शेतमालाच्या टाकाऊ अंशाचा उपयोग शोधणे हे तिचे काम. मक्याचा स्टार्च काढताना मका भिजवलेले जे दाट पाणी उरते, ज्याला आपल्याकडील कारखान्यांतही कॉर्न स्टीप लिकरच म्हणतात, ते अँड्र्यू मोयर यांनी बुरशीच्या खाद्यात घातले आणि उतारा कित्येक पटींनी वाढला. १९४३ मध्ये त्याच गावच्या बाजारातील एका बुरसटलेल्या खरबुजावर अधिक चांगला वाण सापडला. क्ष-किरणांचे आणि अतिनील किरणांचे संस्कार करून संशोधन संस्थांनी आणि विद्यापीठांनी तो आणखी सुधारला. बुरशी उथळ भांड्यांत पृष्ठभागावर वाढवण्याऐवजी मोठ्या टाकीत, निर्जंतुक हवा खेळवून, ढवळत वाढवण्याची पद्धत बसवण्यात आली.

पर्ल हार्बरनंतर दहाच दिवसांनी, १७ डिसेंबर १९४१ रोजी, न्यूयॉर्कमध्ये औषध कंपन्यांची आणि सरकारी प्रतिनिधींची बैठक झाली. पिओरियाचे निष्कर्ष तेथे मांडले गेले आणि आपापले शोध सरकारी समितीमार्फत एकमेकांना द्यायचे ठरले. एरवी अशा सहकार्यावर मक्तेदारीविरोधी कायद्याखाली खटला होऊ शकला असता. सरकारने त्यापासून कंपन्यांना अभय दिले. नवा कारखाना उभारणाऱ्यांना त्याचा खर्च थोड्या वर्षांत करातून वजा करण्याची सवलत मिळाली. काही कारखाने तर सरकारने स्वतः उभारले आणि युद्धानंतर ते खर्चापेक्षा पुष्कळ कमी किमतीत खासगी कंपन्यांना विकले. सायट्रिक आम्लामुळे किण्वनाचा, म्हणजे सूक्ष्मजीव वाढवून त्यांच्याकडून पदार्थ बनवून घेण्याचा, दीर्घ अनुभव असलेल्या फायझर कंपनीने ब्रुकलिनमधील बर्फाचा जुना कारखाना घेऊन तेथे प्रत्येकी साडेसात हजार गॅलनांच्या चौदा टाक्या बसवल्या आणि १ मार्च १९४४ रोजी तो सुरू केला. पेनिसिलिन ज्या युनिटांत मोजतात, त्यांत अमेरिकेचे उत्पादन १९४३ मध्ये २१ अब्ज होते. १९४४ मध्ये ते १,६६३ अब्ज झाले आणि १९४५ मध्ये ६,८०० अब्जांच्या वर गेले. १९४३ मध्ये एक लाख युनिटांना वीस डॉलर पडत. १९४९ पर्यंत ती किंमत दहा सेंटांच्याही खाली आली.

हे आकडे मी फळ्यावर लिहितो आणि मुलांना विचारतो की ही किंमत कोणत्या पेटंटमुळे उतरली. उत्तर असे एक पेटंट नाही. खाद्य, वाण, टाकी, हवा, फेस आवरण्याचे तेल आणि माल वेगळा काढण्याची यंत्रे यांतील शेकडो लहान सुधारणा एकत्र आल्यामुळे ती उतरली.

कोणाकडे काय उरले

युद्ध संपले तेव्हा या ज्ञानाचे तीन थर झाले होते आणि प्रत्येक थराचा धनी वेगळा होता. पहिला थर कागदाचा, म्हणजे पेटंटांचा. मोयर हे अमेरिकेचे सरकारी नोकर असल्याने तेथील हक्क सरकारकडे गेले. परदेशांतील पेटंटे मात्र त्यांना स्वतःच्या नावे घेता आली, आणि त्यांत ब्रिटनही होते. दुसरा थर वाणाचा. आपल्या घरांत शेजारणीकडून विरजण मागून आणतात तसा तो हातोहात फिरू शकत होता, आणि सुरुवातीला फिरलाही. तिसरा थर हातोटीचा: कोणत्या वेळी काय करायचे हे जाणणारे अभियंते, रसायनशास्त्रज्ञ आणि कामगार, व त्यांच्या नोंदवह्या. हा थर पूर्णपणे कंपन्यांकडे राहिला.

‘इंग्रजांनी शोध लावला आणि अमेरिकनांनी त्याचे पेटंट पळवले’ ही कथा इतकी रूढ आहे की चांगल्या पुस्तकांतही ती भेटते. ती खरी नाही. ग्लॅक्सोसारख्या ब्रिटिश कंपन्यांनी युद्धानंतर अमेरिकी कंपन्यांना स्वामित्वशुल्क (रॉयल्टी) दिले, हे खरे. पण ते दिले टाकीत खोलवर किण्वन करण्याच्या तंत्रासाठी, म्हणजे प्रामुख्याने तिसऱ्या थरासाठी. ब्रिटनला ही गोष्ट झोंबली. १९४८ च्या कायद्याने तेथे राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळ स्थापन झाले. सार्वजनिक पैशातून निघालेल्या शोधांची पेटंटे घ्यायची आणि ती उद्योगांना परवान्याने द्यायची हे त्याचे काम. ऑक्सफर्डमधीलच एडवर्ड अब्राहम आणि गाय न्यूटन यांच्या सेफॅलोस्पोरिनवरील कामाची पेटंटे याच महामंडळाने सांभाळली आणि त्यांचे स्वामित्वशुल्क दीर्घकाळ येत राहिले. भारतानेही १९५३ मध्ये याच नावाचे आणि याच कामाचे महामंडळ दिल्लीत स्थापन केले.

पुनर्उभारणीच्या काळातील युरोपचा अनुभवही येथे जमेस धरला पाहिजे. संयुक्त राष्ट्रांच्या मदत व पुनर्वसन प्रशासनाने, म्हणजे उन्राने, इटली, पोलंड, युगोस्लाव्हिया, चेकोस्लोव्हाकिया, युक्रेन आणि बेलारूस यांना पेनिसिलिनचे कारखाने देऊ केले. पेनिसिलिन आम्लात फार लवकर नासते. गाळलेल्या द्रवातून ते द्रावकात ओढून घेण्याचे काम काही क्षणांत व्हावे लागते, आणि त्यासाठी पोडबिल्निक नावाचे अत्यंत वेगाने फिरणारे यंत्र लागे. शीतयुद्ध सुरू होताच अमेरिकेने पूर्व युरोपला या यंत्राची निर्यात अडवली. बुरशी होती, टाक्या होत्या, छापील निबंध होते. अडले ते एका यंत्रापाशी आणि ते चालवणाऱ्या हातांपाशी. दिल्लीतील अधिकाऱ्यांनी निर्णय घेतला तेव्हा हा सारा इतिहास अगदी ताजा होता.

दिल्लीसमोरचे पर्याय

परकीय चलनाची टंचाई आणि फाळणीने उखडलेल्या लाखो लोकांचा प्रश्न एकाच वेळी समोर होता. पिंपरीतच सिंध प्रांतातून आलेल्या निर्वासितांची छावणी होती. त्या भागाला आजही पिंपरी कॅम्पच म्हणतात. आयात पेनिसिलिनवर डॉलर खर्च करत राहणे परवडणारे नव्हते. एक मार्ग परकीय कंपनीशी करार करण्याचा होता आणि अमेरिकेतील मर्क कंपनीशी व एका स्वीडिश कंपनीशी तशी बोलणीही झाली. अशा करारांचे स्वरूप त्या काळी सर्वत्र सारखेच असे: आरंभी ठोक रक्कम, विक्रीवर स्वामित्वशुल्क, निर्यातीवर बंधन, गुप्ततेची अट आणि पुढे होणाऱ्या सुधारणांबाबत पुरवठादाराचा वरचष्मा. त्याच्या बदल्यात चालू कारखान्याची, आजमावलेली हातोटी मिळे, आणि ही गोष्ट लहान नव्हे.

दुसरा मार्ग युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीचा होता. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक राहिलेले आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेत साहाय्यक महासंचालक झालेले मेजर जनरल साहिब सिंग सोखी यांनी देशी आणि सार्वजनिक औषधनिर्मितीचा आग्रह सातत्याने धरला होता. युनिसेफने आयात यंत्रसामग्री द्यायची, आरोग्य संघटनेने तज्ज्ञ आणि प्रशिक्षण द्यायचे, जमीन, इमारती आणि चालू खर्च भारताने सोसायचा, अशी ही योजना होती. तिच्या अटींचा रोख व्यापारी कराराच्या नेमका उलट होता. ज्ञान झाकून ठेवायचे नाही, इतर देशांच्या तंत्रज्ञांना येथे शिकू द्यायचे आणि उत्पादनाचा लाभ सार्वजनिक आरोग्याला द्यायचा, असा तो रोख होता.

१९५१ मध्ये या दुसऱ्या मार्गाने करार झाले, १९५४ मध्ये कंपनी स्थापन झाली आणि १९५५ मध्ये पिंपरीत पेनिसिलिन तयार होऊ लागले.

टाकीपाशी

पहिल्या पिढीच्या मागोमाग, साठच्या दशकात, किण्वन विभागात लागलेले एक निवृत्त कामगार माझ्या वर्गात दोनदा येऊन गेले. मुले त्यांना काका म्हणत. त्यांनी सांगितलेली माहिती पाठ्यपुस्तकांत क्वचितच सापडते. लहान काचनळीत वाळवून ठेवलेले बीजाणू आधी तांदळासारख्या धान्यावर, मग लहान टाकीत, मग मोठ्या टाकीत वाढवत न्यायचे. मोठी टाकी पाच-सहा दिवस चालायची, तापमान पंचवीस अंशांच्या आसपास ठेवायचे, आणि पुण्याचा एप्रिल-मे सुरू झाला की थंड पाण्यावरचा ताण वाढायचा. फेस वर चढू लागला की तेल सोडायचे. तेल उशिरा सोडले तर फेस हवेच्या नळीतून बाहेर येऊन बाहेरचे जंतू आत शिरायची वाट मोकळी होई, आणि लवकर वा जास्त सोडले तर बुरशीला हवा कमी पडे. ‘‘सर, यंत्रं पेट्यांतून आली, त्यांची पुस्तकंही आली,’’ ते म्हणाले, ‘‘पण फेस कधी चढणार हे ढवळणीच्या आवाजावरून कळायचं, ते कुठल्याच पेटीत नव्हतं. आणि बॅच बिघडली तर आधी नाकाला कळायचं, मग प्रयोगशाळेला.’’

एका विद्यार्थ्याने त्यांना विचारले की ही माहिती त्यांनी कोठे लिहून ठेवली होती का. पाळीची नोंदवही होती, पण तीत आकडे भरायचे रकाने होते, आवाजाचा रकाना नव्हता, असे ते म्हणाले. एवढ्या एका उत्तरावर मी पुढचा संपूर्ण तास घेतला. जे ज्ञान कारखान्याच्या उताऱ्यात पैशांच्या रूपाने दिसते आणि तरी ताळेबंदात, पेटंटात वा नोंदवहीत कोठेच नसते, ते ज्ञान माणूस निवृत्त होताच संस्थेबाहेर जाते. आणि करार करणाऱ्या दोन्ही बाजूंनी त्याचे नावही घेतलेले नसते.

मदतीने काय दिले, काय दिले नाही

युनिसेफच्या मार्गाने पिंपरीला आरंभ स्वस्तात मिळाला. स्वामित्वशुल्काचा बोजा नव्हता आणि कारखान्यात संशोधन विभाग पहिल्यापासून होता. त्या विभागाचे काम उल्लेखनीय आहे. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पिंपरीच्याच मातीत एक सूक्ष्मजीव सापडला. त्याला स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना असे नाव दिले गेले, आणि त्यापासून मिळालेल्या बुरशीनाशक प्रतिजैविकाला कंपनीच्या नावावरून हॅमायसिन. पिकांवरील बुरशीसाठी ऑरिओफंजिनही याच संशोधनातून आले. १९४१ मध्ये ऑक्सफर्डहून निघालेल्या ज्ञानाच्या प्रवाहात वीस वर्षांनी पिंपरीच्या मातीतील एक नाव मिसळले, याचा मला पुणेकर म्हणून मनापासून अभिमान वाटतो, आणि तो मी वर्गात लपवत नाही.

तरीही दुसऱ्याच औषधापाशी मार्ग बदलावा लागला. क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिन हेही युद्धकाळाचेच अपत्य. १९४३ मध्ये अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात अल्बर्ट शॅट्झ यांनी सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत ते वेगळे केले होते. तेथे ऑक्सफर्डची पुनरावृत्ती झाली नाही. आधीच्या कराराने मर्ककडे जाणारे एकाधिकार वॅक्समन यांनी कंपनीचे मन वळवून सोडवून घेतले, पेटंट विद्यापीठाच्या प्रतिष्ठानकडे ठेवले आणि अनेक कंपन्यांना परवाने दिले. स्वामित्वशुल्काच्या वाटणीवरून शॅट्झ यांनी १९५० मध्ये दावा लावला आणि त्यातून त्यांना सहशोधक म्हणून मान्यता व वाटा मिळाला. भारताने स्ट्रेप्टोमायसिनसाठी मर्कशी तांत्रिक करार केला आणि साठच्या दशकाच्या आरंभी ते पिंपरीत बनू लागले. खुल्या मदतीने उभा राहिलेला कारखाना काही वर्षांतच व्यापारी परवान्याकडे वळला, यावर तेव्हा कडक टीका झाली. माझ्या मते निर्णय टाळता येण्याजोगा नव्हता. खुली मदत एका औषधाची होती. नव्या औषधाची हातोटी पुन्हा कोणातरी कंपनीकडेच होती.

खरी उणीव मला अन्यत्र दिसते. १९५१ च्या मदतीत त्या दिवसाचे ज्ञान मिळाले. त्यानंतर इतरत्र होणाऱ्या सुधारणा मिळत राहतील अशी जोडणी तीत नव्हती, आणि असू शकली असती की नाही हा वर्गातील वादाचा आवडता मुद्दा आहे. पेनिसिलिनच्या धंद्यात वाण दर काही वर्षांनी सुधारत जातो; ज्याचा वाण मागे पडतो त्याचा दर मिलिलिटरचा उतारा मागे पडतो, आणि विजेचे बिल मात्र तेवढेच येते. १९५७ च्या सुमारास ब्रिटनमधील बीचम कंपनीने पेनिसिलिनचा गाभा, ६-एपीए, वेगळा केला, त्यावर पेटंटे घेतली आणि त्यात रासायनिक बदल करून अर्धसंश्लेषित पेनिसिलिनांची नवी मालिका उभी केली. १९४५ मध्ये शुल्क देणारा देश या दुसऱ्या फेरीत शुल्क घेणारा झाला.

भारताने कायद्याच्या अंगाने आपली बाजू सावरली. १९११ चा वसाहतकालीन पेटंट कायदा तपासण्यासाठी १९४८ मध्ये बक्षी टेकचंद समिती नेमली गेली, आणि १९५९ मध्ये न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांचा अहवाल आला. त्यातून १९७० चा कायदा झाला व २० एप्रिल १९७२ पासून अंमलात आला. औषधावर पदार्थाचे पेटंट नाही, फक्त प्रक्रियेचे. आणि तेही मंजुरीपासून पाच किंवा अर्जापासून सात वर्षे, यांत जे कमी असेल तेवढेच. २००५ मध्ये पदार्थाची पेटंटे परत येईपर्यंत देशाचा औषध उद्योग याच आधारावर वाढला. पण या कायद्याने कागदाचा थर मोकळा केला. वाण आणि हातोटी कायद्याने मिळत नाहीत. १९९० नंतर आयात खुली झाली, चिनी पेनिसिलिनपुढे भारतीय किण्वन उद्योग टिकला नाही आणि पिंपरीची कंपनी आजारी ठरली. २०२० मध्ये सरकारला पेनिसिलिन-जीसाठी पुन्हा उत्पादनाधारित प्रोत्साहन योजना आणावी लागली, आणि २०२४ मध्ये काकीनाडा येथे ते देशात पुन्हा बनू लागले.

भोसरीचा प्रश्न

या वर्षीच्या सायंवर्गात भोसरीतील एका लहान कारखान्याच्या मालकीणबाई होत्या. त्यांचा कारखाना झडपा बनवतो, आणि एका मोठ्या पुरवठादारामार्फत त्यांना संरक्षण खात्यासाठीच्या झडपेचे विकासकाम मिळाले होते. काम तातडीचे होते. रेखाचित्र समोरच्याचे, धातूची निवड आणि घासकामाची रीत बाईंची. तास संपल्यावर त्यांनी विचारले, ‘‘सर, यात पिओरिया कोण आणि फायझर कोण?’’

त्यांच्या मसुद्यात ‘या कामातून निर्माण होणारी सर्व बौद्धिक संपदा’ पुरवठादाराची होईल, असे एका ओळीत लिहिलेले होते. युद्धजन्य तातडीत अशी ओळ सहीसाठी पुढे केली जाते आणि कामाच्या आनंदात ती सही होतेही. आम्ही तिचे तीन तुकडे केले. कामाआधीपासून त्यांच्याकडे असलेली रीत त्यांचीच राहावी आणि तिची यादी तारखेसह जोडावी. रेखाचित्रातील बदल पुरवठादाराचे असावेत. आणि घासकामात पुढे होणाऱ्या सुधारणा त्यांच्या असाव्यात, पुरवठादाराला त्या या झडपेपुरत्या वापरण्याचा परवाना असावा. त्यांना दोन कलमेही वाचायला दिली. पेटंट कायद्याच्या कलम ३५ खाली संरक्षणाशी संबंधित अर्ज गुप्त ठेवण्याचा आदेश निघू शकतो. कलम १०० खाली सरकार शोध वापरू शकते, आणि तो शोध अर्जाच्या अग्रक्रम तारखेआधी, शोधकाकडून कळल्यामुळे नव्हे तर स्वतंत्रपणे, सरकारने किंवा सरकारतर्फे कोणी दस्तऐवजात नोंदवलेला वा चाचणी केलेला असेल, तर त्या वापरासाठी शुल्क द्यावे लागत नाही. म्हणजे चाचणीला माल पाठवण्याआधी अर्ज दाखल केला, तर शोध सरकारकडे आधीपासून होता की त्यांच्याकडूनच गेला हा वाद, आणि त्याबरोबर शुल्काचा वाद, टाळणे सोपे होणार होते.

वाणाच्या बाबतीत ही काळजी घेण्याची सोय आता पुण्यातच आहे. सूक्ष्मजीवावर आधारलेल्या पेटंटासाठी तो जीव बुडापेस्ट करारानुसार मान्य अशा संग्रहात ठेवावा लागतो, आणि तशी मान्यता असलेला एक संग्रह पुण्यातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राशी संलग्न आहे. झडपेला मात्र असे कोठार नाही. म्हणून त्यांच्या घासकामाच्या नोंदवहीत आम्ही एक नवा रकाना वाढवला: कारागिराने काय ऐकले, काय पाहिले आणि त्यावरून काय बदलले. तारीख, पाळी आणि सही.

महिनाभराने त्यांनी पुरवठादाराचे उत्तर दाखवले. आधीच्या रितीची यादी मान्य झाली होती, रेखाचित्राबद्दल वाद नव्हताच, आणि पुढील सुधारणांच्या कलमावर समोरच्यांनी संयुक्त मालकी सुचवली होती. संयुक्त मालकीत दुसऱ्या सहमालकाच्या संमतीवाचून परवाना देता येत नाही, हे त्यांना वर्गात शिकवलेले होते. त्यांनी ती सूचना नाकारली, झडपेपुरत्या परवान्याची मुदत वाढवून देऊ केली, आणि मसुदा परत पाठवला.